संयोगाचा दोष

फळ म्हटले की निर्दोषता हा त्याचा स्वभावच, अशी आपल्या धार्मिक मनाची फार जुनी समजूत आहे. उपवासाला धान्य वर्ज्य ठरले तरी फळाला मुभा असते. आणि भाद्रपदात गणपतीपुढे टांगलेले पपनस उतरवून, त्याची जाड साल व तिच्याखालचे कापसासारखे पांढरे आवरण काढून, एकेक फोड नखाने सोलून, वर मिठाची चिमूट घालून जेव्हा घरातील वृद्धांच्या हातावर ठेवले जाते, तेव्हा त्यातून कोणाचे अहित होईल ही शंकादेखील मनाला शिवत नाही. पण याच पपनसाच्या आणि संत्र्याच्या संकरातून निपजलेल्या ग्रेपफ्रूटने या समजुतीपुढे जो प्रश्न उभा केला आहे, तो वैद्यकाचा आहे त्याहून अधिक तत्त्वचिंतनाचा आहे, असे मला वाटते.

कॅनडातील लंडन या शहरी डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, हे पाहत होते; मद्याची चव लपावी एवढ्याच हेतूने त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस योजला; आणि रक्तात औषधाचे प्रमाण अपेक्षेहून कितीतरी अधिक आढळले. 1989 मध्ये हे प्रथम प्रसिद्ध झाले, आणि पुढील तपासात मद्य निर्दोष सुटून रसावरच आरोप शाबीत झाला.

आतड्याच्या अस्तरात सीवायपी3ए4 नावाचे एक विकर जकातनाक्यावरील कारकुनासारखे बसलेले असते. आत येणाऱ्या अनेक औषधांचा मोठा हिस्सा ते तेथेच मोडून टाकते, आणि औषधाची मात्रा ठरते ती ही वजावट गृहीत धरूनच. ग्रेपफ्रूटमधील, आणि पपनसातीलही, फ्युरॅनोकुमॅरिन ही द्रव्ये या कारकुनाला कायमचे बडतर्फ करतात. नवा नेमला जाईपर्यंत एक ते तीन दिवस जातात, आणि तोवर बराच माल बिनजकात आत येतो. म्हणूनच गोळी सकाळी आणि फळ सायंकाळी, ही तडजोड निरुपयोगी ठरते. सिम्वास्टॅटिनसारखे कोलेस्टेरॉलवरील औषध मग स्नायूंना अपाय करू शकते, आणि रक्तात त्याचे प्रमाण वाढायला एक पेलाभर रसही पुरतो.

येथे विष कोणते? फळ नव्हे, ते औषध न घेणाऱ्याला पथ्यकरच आहे. गोळीही नव्हे, ती ठरल्या मात्रेत हितकारकच आहे. उलट फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीवरील गोळीच्या बाबतीत हाच रस तिचे शोषण घटवून तिला दुबळी करतो. म्हणजे एकाच फळाची दोन गोळ्यांशी वागणूक परस्परविरुद्ध. वैशेषिकांनी संयोग हा स्वतंत्र गुण मानला आणि तो दोन द्रव्यांच्या आश्रयाने राहतो असे सांगितले, ते मला या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते. चरकसंहितेतील विरुद्धाहाराचा विचारही याच जातीचा: मध आणि तूप दोन्ही उत्तम, पण समप्रमाणात एकत्र आले की अहितकर. आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, असा दावा मात्र मी करणार नाही, कारण विचाराची दिशा योग्य असणे निराळे आणि विवक्षित द्रव्याचे ज्ञान निराळे. ते ज्ञान प्रयोगानेच मिळाले.

तेव्हा सात्त्विक आहाराची याद्या करून विभागणी करणे मला अपुरे वाटते. पदार्थाची शुद्धता त्याच्या ठायी शोधताना तो खाणाऱ्याच्या देहात आधीपासून काय वसत आहे, हे विचारलेच पाहिजे. आणि ही चौकशी प्रसाद देणाऱ्या श्रद्धाळू हातापेक्षा औषध लिहून देणाऱ्या हाताचे कर्तव्य अधिक आहे. अजाणता दिलेल्या फोडीचा दोष देणाऱ्याला लागत नाही, हे मी मानतो. परंतु ज्याला हे ठाऊक आहे, त्याने रुग्णाला संत्रे व मोसंबी सहसा चालतात, ग्रेपफ्रूट व पपनस मात्र या गोळीबरोबर नको, आणि फळासाठी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, एवढे स्पष्ट न सांगणे, याला मी अज्ञान म्हणू शकत नाही.