शिरस्त्राण आणि दैव

आयुष्याची दोरी बळकट असेल तर शिरस्त्राणावाचून काही अडत नाही, असे म्हणणारा मनुष्य दैववादी दिसतो खरा. परंतु दैवाचा हुकूम आपणांस आगाऊ ठाऊक आहे असे गृहीत धरणे ही श्रद्धा नव्हे, अहंकार होय. १९३५ साली ब्रिटिश सेनाधिकारी व लेखक टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात मस्तकाला मार लागून निवर्तले, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या ह्यू केर्न्स या शल्यविशारदाने पुढे शिरस्त्राणांचा जो अभ्यास केला, तो मला ईश्वरनिष्ठेशी मुळीच विसंगत वाटत नाही. मात्र कायद्यापुरते डोक्यावर ठेवलेले सैल हेल्मेट म्हणजे भावशून्य कर्मकांड! गालांना गादी घट्ट भिडावी, हेल्मेट हलवताच कपाळाची त्वचाही त्यासरशी सरकावी, आणि पट्टा आवळल्यावर मागून उचलले तरी ते पुढे निसटू नये. एवढी पारख दुकानातच सवडीने करून घ्यावी.