एफ कॉर्डमध्ये सूर तीनच असतात

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक संध्याकाळ करमणुकीच्या कार्यक्रमाची असते. लहान मुलांचे नाच, एखादं प्रहसन आणि शेवटी चौथ्या मजल्यावरच्या काकांची गिटार. काका ६८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. तरुणपणी नोकरी सांभाळून ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. मला गिटार त्यांनीच शिकवली, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना. फी म्हणून दर रविवारी त्यांच्यासाठी कोपऱ्यावरून पॅटिस न्यायचो.

गेल्या वर्षी ते दोनदा अडखळले. एकदा बार कॉर्ड नीट दाबली गेली नाही आणि तारा नुसत्या खडखडल्या. दुसऱ्यांदा वेगाचा एक तुकडा अर्ध्यातच सुटला, तो तसाच सोडून त्यांनी पुढचं पकडलं. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. नंतर जिन्यात त्यांनी मला विचारलं, "कसं झालं?"

"मस्त काका, एकदम मस्त."

ते दोन पायऱ्या चढले आणि थांबले. "ऑफिसात दुसऱ्याचा कोड तपासतोस ना तू? तिथंही असंच सांगतोस का?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

गेलं वर्षभर मी त्या एका शब्दाचा विचार करतोय. 'मस्त' म्हणण्यात नक्की काय चुकलं? कोड बिघडला तर लोकांचे पैसे अडकतात. सोसायटीच्या मांडवात एक कॉर्ड खडखडली तर कुणाचं काय बिघडतं? म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं हे खोटं तरी म्हणायचं का?

आधी त्यांच्या हाताला काय झालंय ते सांगतो, कारण मलाही ते उशिराच कळलं. गिटार वाजवताना डाव्या हाताचा अंगठा मानेच्या मागे असतो आणि बोटं पुढून तारा दाबतात. म्हणजे हात चिमट्यासारखा चालतो. चिमटीत आपण जेवढा जोर लावतो, त्याच्या कितीतरी पट भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येतो. काकांच्या त्या सांध्यातली कूर्चा झिजली आहे. त्यात भर म्हणून त्यांची अनामिका अडकायची. बोट मिटायचं, पण उघडताना मध्येच थांबायचं आणि मग खटकन सुटायचं. बोट वाकवणारी दोरी ज्या नळीसारख्या आवरणातून सरकते, तिचं तोंड अरुंद झालं की असं होतं. त्यावर इंजेक्शन घेतलं आणि बोट मोकळं झालं. अंगठ्याची झीज मात्र भरून येत नाही. 'दुखणं सांभाळून वापरा,' एवढंच डॉक्टर म्हणाले.

अशा वेळी आपण लोकांना काय सांगतो? जँगो राइनहार्टची गोष्ट सांगतो. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका जवळजवळ निकामी झाली. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. उरलेल्या दोन बोटांवर त्याने वाजवण्याची नवी रीत बसवली आणि जॅझ गिटारचा इतिहास बदलला. किंवा टोनी आयोमीची सांगतो. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात १७ व्या वर्षी यंत्राखाली त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या उतरवून सैल केल्या आणि ब्लॅक सॅबथचा तो जड, खोल आवाज घडवला.

मीही काकांना या दोन्ही गोष्टी पाठवल्या होत्या, व्हिडिओच्या लिंकसकट. उत्तर आलं नाही. नंतर समोरासमोर म्हणाले, "ती पोरं होती रे. त्यांच्यापुढे अख्खं आयुष्य होतं. माझ्यापुढे आता कुठली नवी शैली उभी राहणार आहे?"

हे बरोबरच होतं. अपघात एकदाच होतो आणि त्यानंतर माणूस चढ चढू शकतो. वय रोज होतं. आज जमवलेली युक्ती दोन वर्षांनी पुरणार नाही, हे वाजवणाऱ्याला आधीच माहीत असतं. तरुणांच्या जिद्दीच्या गोष्टी म्हाताऱ्यांना सांगताना आपण नकळत त्यांच्यावर एक ओझं टाकतो, की हरलात तर तुमची जिद्द कमी पडली.

त्यापेक्षा खरी वाटते ती लेस पॉलची गोष्ट. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटार घडवणाऱ्यांतला हा माणूस. १९४८ च्या मोटार अपघातात त्याच्या उजव्या हाताचं कोपर चुरडलं, तेव्हा गिटार धरता यावी अशा कोनात त्याने डॉक्टरांकडून हात जुळवून घेतला. ही तरुणपणची गोष्ट सगळे सांगतात. पण नव्वदी गाठल्यावरही, संधिवाताने बोटं आखडलेली असताना, तो न्यूयॉर्कच्या एका क्लबात दर सोमवारी वाजवत होता. सूर कमी झाले होते, वेग गेला होता. लोक तरी येत होते आणि तोही येत होता. २००९ साली, ९४ व्या वर्षी तो गेला.

दुसरी गोष्ट ज्युलियन ब्रीमची. अभिजात गिटारमधलं फार मोठं नाव. त्याने २००२ मध्ये जाहीर मैफली थांबवल्या. घरी वाजवत राहिला. मग कुत्र्यांचा धक्का लागून तो पडला आणि डाव्या हातालाही इजा झाली. त्यानंतर एका मुलाखतीत तो अशा अर्थाचं बोलला की सत्तरीत होतो त्याहून आज मी चांगला संगीतकार आहे, फक्त ते सिद्ध करून दाखवता येत नाही.

हे वाचलं आणि मी अडकलो. संगीत नक्की कुठे असतं? बोटांत की समजेत? हात गेला तर कौशल्य गेलं की फक्त त्याचा पुरावा गेला? आमच्या क्षेत्रात चालवून दाखवता येत नाही ते अस्तित्वातच नसतं. पण ब्रीमच्या बाबतीत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एका रविवारी पॅटिस घेऊन वर गेलो आणि सांगून टाकलं. "काका, त्या दिवशी बार कॉर्ड दोनदा खडखडली. वेगाचा तुकडा निसटला. मी खोटं बोललो."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "वाजवणाऱ्याला कळतं. मला एवढंच बघायचं होतं, की कुणी आपल्याशी त्याबद्दल बोलेल का."

मग आम्ही कामाला लागलो. तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे मी अकरावीत पाठ केलं होतं. कामी पहिल्यांदा आलं. सगळ्या तारा दोन अर्धस्वरांनी उतरवल्या की ताण साधारण २१ टक्क्यांनी कमी होतो. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की सूर पुन्हा मूळ जागी येतो, पण तारा मऊच राहतात. पहिली तार १२ ची काढून १० ची लावली की त्या तारेवर आणखी ३० टक्क्यांची बचत होते. दोन्ही मिळून ताण ४५ टक्क्यांनी उतरतो. आवाज थोडा पातळ झाला. काकांनी नाक मुरडलं, पण वाजवत राहिले.

मग आली एफ कॉर्ड. शिकणारा प्रत्येक जण जिथे रडतो तीच. तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या. काकांनी कागद घेतला आणि प्रत्येक तारेचा सूर लिहिला: एफ, सी, एफ, ए, सी, एफ. सहा तारा, पण सूर तीनच. बाकीची पुनरावृत्ती. "चाळीस वर्षं मी हा चिमटा आवळतोय," ते म्हणाले, "त्यातलं निम्मं नुसतं भरण होतं." त्यांनी मधल्या तीनच तारांवर ती कॉर्ड धरली. अंगठा मानेवरून जवळजवळ सुटाच. गाणं ओळखू येत होतं. मला तर जास्त स्वच्छ वाटलं, आणि हे मी खोटं बोलत नव्हतो.

सगळंच असं सुटलं नाही. वेगाचा तो तुकडा आम्ही महिनाभर फिरवून पाहिला. बोटं बदलली, सूर गाळले, लय उतरवली. लय उतरवल्यावर तो तुकडाच उरत नव्हता. एके दिवशी काकांनी गिटार खाली ठेवली आणि म्हणाले, "हा गेला." बस, एवढंच. मी काहीतरी धीराचं बोलणार होतो, पण गप्प राहिलो.

आता मला वाटतं, माझी चूक अशी झाली होती. 'चुकलं' म्हणणं आणि 'थांबा' म्हणणं या दोन गोष्टी मी एकच समजलो. खरं सांगितलं तर ते वाजवणं सोडतील, अशी भीती होती. म्हणून त्यांच्या वतीने ठरवून टाकलं, की त्यांना खरं पेलणार नाही. वाईट वाजेल हे माहीत असूनही वाजवण्याचा हक्क त्यांना आहे. थांबण्याचाही आहे. पण दोन्हींसाठी आधी खरं हातात लागतं, आणि मी तेच 'मस्त' या शब्दाखाली लपवलं. त्यांनी विचारलंच नसतं तर गप्प बसणं योग्य होतं. टाळ्या वाजवणाऱ्या दीडशे लोकांनी काही वावगं केलं नाही. मला मात्र त्यांनी विचारलं होतं.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. माझं वय २८. दिवसाचे नऊ-दहा तास कीबोर्डवर जातात, आणि गेल्या वर्षापासून उजवं मनगट संध्याकाळी ठणकतं. मी कुणाला सांगितलेलं नाही. जिन्यात 'मस्त' म्हणालो तेव्हा मी काकांचं मन किती जपत होतो आणि स्वतःची भीती किती, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही.

यंदाच्या कार्यक्रमात काका दोनच गाणी वाजवणार आहेत, तीन सुरांच्या कॉर्डवर. सुटलेला तुकडा ते मला शिकवतायत. हाताने दाखवता येत नाही, म्हणून तोंडाने गाऊन दाखवतात, आणि मी चुकलो की लगेच थांबवतात. काल सहाव्यांदा थांबवल्यावर मी विचारलं, "निदान बरं तरी झालं का?"

"नाही," काका म्हणाले. "पुन्हा."