आजीविषयी लिहिताना

हुपरी, ता. हातकणंगले

चि. बाळ हीस,


तुझं पत्र वाचलं. शेजारच्या मेनोनाइट आजी गेल्या, नातवंडांनी मिळून त्यांचं आयुष्य लिहून काढलं, प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं, आणि तुलाही वाटलं की आपल्या आजीचं असंच काही लिहावं. जरूर लिही. पण शेवटी तू लिहिलंस ते मला पटलं नाही. म्हणतेस, ‘उपास, नियम, आपली जैन बस्ती यांचं फार लिहिणार नाही, विनिपेगमध्ये वाढणाऱ्या मुलांना ते कळायचं नाही, आजीनं लोकांसाठी काय केलं तेवढंच लिहीन.’ असं करू नकोस, बाळ. तिनं लोकांसाठी जे केलं ते त्या नियमांतूनच आलं होतं.

चांदीचंच घे. आपल्या गावात निम्मं काम घरातल्या सोप्यात होतं. कारखान्यातून चांदी वजन करून आणायची, पैंजणाच्या कड्या जोडायच्या आणि माल पुन्हा वजन करून द्यायचा. मधे जी घट येते तिच्यावरच सगळ्या शंकाकुशंका. आजीनं लग्नानंतर लगेच अणुव्रतं, म्हणजे गृहस्थाची छोटी व्रतं, घेतली होती, त्यात अचौर्य एक. संध्याकाळी ती सोपा झाडायची, केरातला चांदीचा चुरा वेगळा काढायची आणि पुडीत बांधून मालाबरोबर परत द्यायची. मागितला नसला तरी द्यायची. त्यामुळे तिच्या शब्दावर कारखानदार अनोळखी बाईच्या हातीही चांदी सोपवायचे. नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा झालेल्या कितीतरी बायकांना तिनं कड्या जोडायला शिकवलं आणि त्यांच्यासाठी जामीन राहिली. तू फक्त ‘गरजू महिलांना रोजगार मिळवून दिला’ असं लिहिलंस तर ते कुठल्याही सत्कार समारंभात शोभेल. पण ती जामीन राहू शकली ती त्या पुडीमुळे, आणि पुडी आली ती व्रतातून.

दुसरी गोष्ट २०१९ च्या ऑगस्टमधली. तू तेव्हा तिकडेच होतीस. पंचगंगा आणि कृष्णा एकदमच फुगल्या, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली. आसपासच्या गावांत घरोघरी बायका भाकऱ्या थापत होत्या, आजीही थापत होती. सूर्य मावळल्यावर आपल्या घरात चूल पेटत नसे हे तुला माहीत आहे. जाळावर किडामुंगी येऊन मरते म्हणून. एके दिवशी अंधार पडल्यावर निरोप आला की पुरातली आणखी माणसं आली आहेत, पोरं उपाशी आहेत. आजी उठली आणि तिनं शेगडी पेटवली. माझा चेहरा बघून म्हणाली, “भुकेलं पोरबी जीवच हाय की गं.” रात्री उशिरापर्यंत भाकऱ्या झाल्या. तिनं स्वतः तुकडा मोडला नाही, आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून मीठ सोडून आळणी जेवली.

आता यातून नियम काढून टाक. काय उरलं? एका म्हातारीनं पूरग्रस्तांना भाकरी दिली. चांगलंच आहे, पण हजारो जणींनी दिली. तिला त्या रात्री काय ओलांडावं लागलं, आणि ओलांडूनही तिनं नियमाला खोटं ठरवलं नाही, हे तुझ्या मुलांना कळायला हवं. कळेल त्यांना. चार ओळी जास्त लिहाव्या लागतील एवढंच.

आपल्याच तालुक्यातल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या घरचंही असंच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं नाव घेतलं की लोक मंगळसूत्राची गोष्ट सांगतात. भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. मला मात्र नेहमी वाटतं, त्याहून अवघड होतं ते सोवळ्यातल्या जैन घरातून येऊन सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत वाढणं. सोनं एकदा दिलं की दिलं. पण पंगतीला रोज उभं राहायचं होतं. त्यांची श्रद्धा किती घट्ट होती हे न सांगता ही पंगत सांगितली, तर तिची किंमत कुणाला कळणार?

तुझ्या शेजारणीचंही तसंच असणार. मेनोनाइट लोकांची परंपरा १५२५ मध्ये झुरिकला सुरू झाली. बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या निश्चयानं घ्यायचा आणि शस्त्र उचलायचं नाही, यासाठी त्यांच्या पूर्वजांनी तुरुंग आणि मरण सोसलं. १९२० मध्ये त्यांनी मदतीची मध्यवर्ती समिती काढली ती युक्रेनकडच्या उपाशी लोकांसाठी. भारतात धमतरीला ते १८९९ मध्येच, दुष्काळाच्या दिवसांत आले होते. त्या आजी जुन्या वस्तूंच्या दुकानात फुकट काम करायच्या असं तू लिहिलंस. त्या समितीचं असं पहिलं दुकान तुझ्याच मॅनिटोबात, अल्टोना गावी, १९७२ मध्ये निघालं. त्यांच्या नातवंडांनी दुकानाचं लिहिलं आणि प्रार्थना वगळली, असं झालं का? नाही ना? मग तू का वगळतेस?

‘प्रेमळ, धर्मपरायण, मनमिळाऊ’ हे शब्द आपल्या आजीच्या शोकपत्रकात येऊन गेलेत, ते पुन्हा नकोत. ती कडक होती हेही लिही. तुझ्या आईला कॉलेजसाठी कोल्हापूरला पाठवायला तिचा विरोध होता, तुझ्या आजोबांनी, अप्पांनी, महिनाभर समजूत काढली. पुढे तिनंच शेजारच्या मुलींची फी भरली, पण तो विरोध लपवू नकोस. तुझ्या आईला ते अजून लागतं.

आजीबरोबर सोप्यात बसणाऱ्या तिघी-चौघी अजून आहेत, पण थकल्यात. त्यांना विचारायचे प्रश्न लिहून पाठव. ‘आजी कशी होती’ असं मोघम नको. पहिली मजुरी किती मिळाली, चांदी कमी भरली तेव्हा काय झालं, पर्युषणात काम बंद असायचं का, असं विचार. मी जाऊन बसते त्यांच्याकडे, मोबाइलवर आवाज भरून घेते. पावसाळ्याआधी पाठवलेस तर बरं, नंतर त्यातली एक लेकीकडे इचलकरंजीला जायची आहे.

तुझी,
मावशी