बोनेटखालचे देणे

जे काम कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही, ज्याच्यासाठी ते करावयाचे त्याला त्याची पारख नाही, आणि ज्याचा पुरता मोबदलाही हाती येणार नाही, ते काम नीट करण्याचे बंधन माणसावर कोठून येते? प्रश्न जुनाच आहे. त्याची चर्चा करताना थोरामोठ्यांचे दाखले देण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र येथे वीतभर रुंदीच्या एका लोखंडी चाकाचा दाखला घेणार आहोत. मोटारीच्या इंजिनावर पाण्याचा जो पंप असतो, त्याच्या तोंडाशी बसविलेली पुली म्हणजे हे चाक. आणि स्थळ आहे चंद्रपूर व गडचिरोली ह्या जंगलपट्टीच्या जिल्ह्यांचे.

स्थळ मुद्दाम निवडले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तीन-चतुर्थांशांच्या आसपास वनाच्छादित आहे. रेल्वे दीर्घकाळ त्याच्या उत्तर टोकाला, वडसा येथे, तेवढी पोचली होती. तेथून दक्षिणेकडचा अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा हा सारा मुलूख रस्त्यावर विसंबून, आणि एस.टी. जेथे थांबते तेथून पुढे बव्हंशी जीपवर विसंबून. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. त्या जुन्या जीपला पेट्रोलचे इंजिन असे. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त. तेव्हा अनेक मालकांनी मूळ इंजिन उतरवून त्या जागी ट्रॅक्टरचे अथवा दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन चढविले. आज हौसेखातर जुनी जीप नव्याने बांधून घेणारेही आहेत. गरजेने असो वा हौसेने, एका गाडीच्या सांगाड्यात दुसऱ्या गाडीचे इंजिन बसविताना मिस्त्रीपुढे जे पेच उभे राहतात, त्यांतलाच एक पुलीचा.

तो पेच समजून घेण्यासाठी थोडे यंत्रज्ञान आवश्यक आहे. वाचकांनी क्षणभर कंटाळा करू नये. चालत्या इंजिनाची उष्णता पाणी आपल्याबरोबर रेडिएटरकडे नेते आणि तेथे निवून परत येते. हे अभिसरण पंपामुळे चालते. पंपाला गती मिळते ती क्रँकशाफ्टवरील पुलीवरून आलेल्या पट्ट्यामुळे, आणि जुन्या जीपमध्ये पंखादेखील पंपाच्याच दांड्यावर असतो. हा पट्टा खाली निमुळता असतो. तो खाचेच्या तळाशी टेकून नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या उतारांना घट्ट बिलगून ओढ घेतो. तळाला टेकलेला पट्टा घसरतो. म्हणून पुलीची खाच पट्ट्याला जुळणारी हवी. तिचा व्यासही जुळता हवा. क्रँकशाफ्टवरील पुली १५० मिलिमीटरची असून पंपावरही तेवढीच असेल, तर इंजिनाच्या १००० फेऱ्यांना पंपाच्याही १००० फेऱ्या होतात. तेथे १८० मिलिमीटरची पुली बसविली, तर त्या सुमारे ८३३ वर येतात. पाणी मंदावते, पंखाही मंदावतो. आणि चढणीला, चिखलात, खालच्या गिअरमध्ये रखडणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळत नसताना नेमकी त्याच वेळी पंख्याची गरज अधिक असते. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे, दोन्ही पुल्या एका रेषेत हव्यात. एक फूट अंतरामागे दीड मिलिमीटर एवढाच फरक खपवून घ्यावा, असा साधारण दंडक आहे. त्याहून अधिक फरक पडला की पट्टा तिरका चालतो, त्याची एक कड झिजते आणि पंपाच्या बेअरिंगवर आडवा ताण येतो. बेअरिंग ढिले पडले की दांडा हलू लागतो, दांडा हलला की पाणी अडवणारे सील जाते, आणि पंपाच्या पोटाखाली असलेल्या बारीक छिद्रातून थेंब गळू लागतात. तो गळणारा थेंब हा यंत्राने दिलेला शेवटचा इशारा होय. त्यानंतर पट्टा तुटतो, अथवा पाणी आटते, आणि तरीही गाडी दामटली तर इंजिनाचे हेड वाकते.

आता प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. चढविलेल्या इंजिनाची मूळ पुली रेडिएटरच्या आड येते, म्हणून दुसऱ्या गाडीची पुली आणली. तिची खाच जुळते, व्यास जुळतो. पण बसवून पाहिली तर ती सहा मिलिमीटर मागे राहते. ती पुढे आणण्याचे दोन मार्ग आहेत. एक, चारही बोल्टांवर पुलीच्या मागे वॉशर रचावेत आणि बोल्ट आवळून टाकावेत. पाव तासाचे काम. दुसरा, नेमक्या मापाची कडी लेथवर कातून घ्यावी, तिच्यात पुलीचे मध्यछिद्र बेताचे बसेल असा खांदा काढावा, आणि मग पुली चढवावी. ह्याला अर्धा दिवस लागतो आणि लेथवाल्याचे पैसे वेगळे. वॉशरांवर उभी असलेली पुली केवळ बोल्टांच्या आधाराने लटकते. तिचा मध्य साधत नाही, ती किंचित डगमगते, आणि बोल्ट थोडे थोडे वाकत राहतात. कडीवर बसलेली पुली हबशी एकजीव होते.

परंतु बोनेट बंद झाले की दोन्ही गाड्या सारख्याच. दोन्ही सुरू होतात, दोन्ही गॅरेजच्या फाटकातून सारख्याच डौलाने बाहेर पडतात, आणि पहिले काही शे किलोमीटर दोन्ही सारख्याच धावतात. वॉशर लावलेल्या पुलीचा दोष उघड होईल तेव्हा मिस्त्री तेथे नसेल, आणि पट्टा तुटला म्हणून लोक पट्ट्याला दोष देतील. आमच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

पहिले उत्तर कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास आडकाठी करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात ह्या तत्त्वावर पुन्हा बोट ठेवले. आमचा दाखला रीतसर मंजुरी घेऊन बांधलेल्या गाडीचा आहे असे समजावे. तरीही कायद्याची नजर कोठवर पोचते? ती इंजिनाचा क्रमांक पाहते, नोंदणीपुस्तक पाहते. पुलीच्या मागे काय आहे, हे ती पाहत नाही आणि पाहू शकणारही नाही. प्रत्येक बोल्टामागे एक निरीक्षक उभा करणे कोणत्याही राज्याला परवडणारे नाही. तेव्हा कायदा जेथे संपतो, तेथून सदसद्विवेकबुद्धीचे काम सुरू होते.

दुसरे उत्तर कराराचे. मालकानेच म्हटलेले असते, ''मिस्त्री, चालण्यापुरतं करून द्या.'' गाडी त्याची, पैसा त्याचा, त्याची संमती आहे. मग मिस्त्रीवर दोष कसला? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, परंतु त्यात दोन छिद्रे आहेत. पहिले असे की, ज्या गोष्टीची आपल्याला माहिती नाही तिला दिलेली संमती ही खरी संमती नव्हे. 'चालण्यापुरतं' म्हणजे किती दिवस, किती किलोमीटर, किती ओझ्यानिशी, हे मालकाला ठाऊक नसते. ते मिस्त्रीला ठाऊक असते. दुसरे छिद्र याहून मोठे आहे. जो करार गॅरेजमध्ये झाला, त्या वेळी त्या गाडीत बसणारी माणसे तेथे हजर नव्हती. आलापल्लीहून भामरागडपर्यंतचे साठ-पासष्ट किलोमीटर डोळ्यांपुढे आणावेत. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की पलीकडचा मुलूख तुटतो. पाणी ओसरल्यावर पहिली जी जीप निघते, तिच्यात कदाचित अडलेली बाळंतीण असते, तापाने फणफणलेले मूल असते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, हे खरे. तरी पाड्यापाड्यांवरून रस्त्यापर्यंत येण्यासाठी कोणाची तरी जीप लागतेच. त्या बाळंतिणीने सहा मिलिमीटरच्या वॉशरांना संमती दिली होती काय? मालकाला स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार असेलही. दुसऱ्याचा जीव तो मिस्त्रीच्या हाती परस्पर सोपवू शकत नाही.

तिसरे उत्तर गरिबीचे, आणि ते सर्वांत आदराने ऐकले पाहिजे. ज्या गावात लेथ नाही, जेथे कडी कातून आणायची म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरची खेप, तेथे निर्दोष कामाचा आग्रह धरणे ही शहरी माणसाची चैन नव्हे काय? वॉशर रचून का होईना, गाडी आज रस्त्यावर आली म्हणून एखादा जीव वाचला, तर ते चार वॉशर पुण्याचेच मानावे लागतील. हे आम्हांस पूर्णतः मान्य आहे. तात्पुरत्या दुरुस्तीला सरसकट अनीती ठरविणाऱ्याने रात्रीच्या वेळी जंगलात बंद पडलेल्या गाडीजवळ कधी ताटकळत काढलेले नसते. मनुष्याची बरीचशी करुणा तात्पुरत्या साधनांनीच प्रकट होते. फाटक्या धोतराची पट्टी जखमेला बांधणारा काही निर्जंतुक कापसाची वाट पाहत बसत नाही.

मग दोष नेमका कशात? आमच्या मते दोष वॉशरांत नाही. तात्पुरते काम पक्के म्हणून खपविण्यात आहे. दुरुस्ती हे एक विधान असते. 'ही गाडी आता चालेल', असे मिस्त्री बोनेट बंद करताना न बोलता सांगत असतो, आणि ऐकणारा त्यावर आपला जीव टाकतो. विधान खरे असेल तर वॉशरही प्रामाणिक ठरतात. ''भाऊ, हे चंद्रपुरापर्यंत नेईल. तिथं कडी कातून घ्या. तोवर सवारी बसवू नका,'' असे जो मिस्त्री सांगतो, त्याने वॉशर लावूनही असत्य केले नाही. जो काही न बोलता पैसे घेतो, त्याने तेच वॉशर लावून असत्य केले. लोखंड तेच, माप तेच. फरक एका वाक्याचा आहे. आणि ते वाक्य बोलायला लेथ लागत नाही, खेप लागत नाही, पैसाही लागत नाही. म्हणून गरिबी ही तात्पुरत्या कामाची सबब होऊ शकते, मौनाची सबब होऊ शकत नाही.

तथापि, नुसते सांगून मिस्त्री सुटला काय? मालक हो म्हणेल आणि दुसऱ्याच बाजाराच्या दिवशी बारा माणसे कोंबून निघेल, हे मिस्त्री जाणून असतो. अशा वेळी त्याचे सांगणे मालकाच्या कानावर पडून भागत नाही. ते टिकले पाहिजे. बोनेटच्या आतल्या बाजूला रंगाने तारीख लिहून ठेवणे, चालकाला बोलावून गळणारे छिद्र बोटाने दाखविणे, कडी कातून आणीपर्यंत थोडी मजुरी बाकी ठेवून त्याला परत यायला लावणे, असे मार्ग आहेत. आणि हे सारे करूनही मालक ऐकणार नसेल, तर काम नाकारणे उरते. त्याची किंमत लहान नाही. गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाईल, तेथे तेच वॉशर मुकाट्याने लागतील, आणि ह्याच्या घरची चूल मात्र त्या दिवशी थंड राहील. सचोटीचा उपदेश करणाऱ्यांनी ही किंमत कोण भरतो ते विसरू नये.

किंबहुना येथे गिऱ्हाईकाचा आणि समाजाचाही वाटा आहे. पुलीची छापील किंमत निमूटपणे मोजली जाते. तिला नेमकी बसविण्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर मात्र घासाघीस होते. वस्तूला दाम आणि नेमकेपणाला दाम नाही, अशी रीत एकदा पडली की नेमकेपणा हळूहळू बाजारातून उठतो, आणि मग त्याच्या नावाने हळहळण्यात अर्थ नसतो. ह्याच मुलखात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनाने कुष्ठमुक्त माणसांच्या हाती भिक्षापात्राऐवजी हत्यारे दिली. त्यामागील विचार येथे उपयोगी पडतो. कष्टकऱ्याला दया दाखवून त्याचे कच्चे काम गोड मानून घेणे, हा त्याचा सन्मान नव्हे. त्याच्याकडून पक्के काम मागणे आणि त्याचा पुरता दाम देणे, हा त्याचा सन्मान होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न दिसणारे काम नीट करण्याचे बंधन येते कोठून? ते पाहणाऱ्याच्या नजरेतून येत नाही, कारण येथे पाहणारा नाही. ते दामातूनही येत नाही, कारण दाम पुरता नाही. आमच्या मते ते येते न पाहता टाकलेल्या विश्वासातून. जो पारखू शकतो तो आपले रक्षण काही अंशी स्वतः करतो. ज्याला पारखता येत नाही, त्याने ते रक्षण आपल्या हाती दिलेले असते, आणि आपण ते मागितले नव्हते म्हणून ते परत करता येत नाही. म्हणून समोरच्याची पारख जितकी कमी, तितके आपले देणे अधिक. बाजाराचा हिशेब नेमका याच्या उलट चालतो. तेथे अजाण गिऱ्हाईक म्हणजे सोपे गिऱ्हाईक. औषधाची बाटली भरणारा, पुलाच्या पायात सिमेंट ओतणारा, दूरच्या पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना अंकगणित शिकविणारा, ह्या सर्वांपुढे मिस्त्रीचाच प्रश्न आहे. त्या मुलांना चुकीचे गणित शिकविले, हे कोण तपासणार?

चांगल्या मिस्त्रीची एक रीत आहे. बोनेट लावण्यापूर्वी तो दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून एक दोरा ताणून धरतो. काठापासून खाचेचे अंतर दोहोंत सारखे असेल, तर दोरा चार ठिकाणी टेकला पाहिजे. तीनच ठिकाणी टेकला, तर तो बोल्ट पुन्हा सोडतो. हे तपासायला दोन मिनिटे लागतात आणि ती बिलात लिहिली जात नाहीत. ज्याला आपली गाडी अशा हाताकडे नेण्याचे भाग्य लाभले आहे, त्याने त्या दोन मिनिटांत घाई करू नये, आणि कडी कातायला लागलेल्या अर्ध्या दिवसाचे पैसे कुरकुर न करता मोजावेत.