बंदूक तीच राहते का?

जुनी ठासणीची बंदूक हातात आली की जाणकार माणूस आधी तिच्या नळीत गज सोडतो. गज कुठवर गेला तिथे खूण करायची आणि मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहायचा. आतली खोली बाहेरच्या लांबीपेक्षा दोन-तीन इंच कमी भरली, तर बार अजून आत असण्याची शक्यता असते. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी दारू भरली, गोळी ठासली आणि ती झाडायची राहून गेली. काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या काळानंतरही पेट घेते. म्हणून गंज काढणं, दस्त्याला जवसाचं तेल पाजणं ही कामं त्यानंतरची.

ही सगळी मेहनत ज्या बंदुकीवर मोठ्या प्रमाणात होते, ती म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल. नळी ३९ इंचांची, तिचा व्यास ०.५७७ इंच, आत तीन पेच, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, आणि ७८ इंचांत त्यांचा एक पूर्ण वेढा. एकूण लांबी ५५ इंच, वजन सव्वाचार किलोच्या आसपास. ती क्रिमियाच्या युद्धात गेली, अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी लाखोंनी विकत घेतली आणि हिंदुस्थानात तिच्या काडतुसांनी जे घडवलं ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. आज ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात हौशी माणसं या रायफली दुरुस्त करतात आणि त्यांनी निशाणबाजी करतात. या कामात अगदी सुरुवातीलाच जो प्रश्न उभा राहतो, तो तत्त्वज्ञानाच्या वर्गातही तितक्याच जोरात विचारता येईल: दुरुस्त झालेली बंदूक तीच असते, की दुसरी?

दुरुस्ती कशी होते ते पाहिलं की प्रश्नाची धार कळते. बार पेटवणारी टोपी ज्यावर बसते ते निपल सर्वांत आधी झिजतं. त्याचं छिद्र रुंदावलं की आतला दाब उलटा वर फेकला जातो, म्हणून ते बदलण्याबद्दल कुणी फारसा विचार करत नाही. मग चापाच्या यंत्रातली मुख्य कमान. ती थकलेली असेल तर घोडा जोरात पडत नाही आणि टोपी फुटत नाही. कमानही नवी येते. दस्ता मनगटापाशी चिरलेला असेल तर अक्रोडाच्या जुन्या लाकडाचा तुकडा जोडतात. एवढं झालं तरी बंदूक ‘तीच’ म्हणायला कुणाची जीभ अडखळत नाही. अडखळते ती नळीपाशी. गंजाने आतून पार खड्डे पडलेली नळी वाचवायची, तर ती भोक पाडून मोठी करतात, आत पोलादाची नवी नळी बसवतात आणि तिच्यात नव्याने पेच पाडतात. बाहेरून पाहणाऱ्याला जुनं लोखंड, मुकुटाचा शिक्का, कारखान्याची खूण सगळं जागच्या जागी दिसतं. पण गोळी आता त्या जुन्या लोखंडाला कुठेही शिवत नाही.

ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धांपुढे हा प्रश्न दर वेळी येतो. तिथे अस्सल जुन्या बंदुकांचा गट वेगळा आणि आधुनिक प्रतिकृतींचा वेगळा. प्रत्येकाला ३० मिनिटांत १३ बार काढायचे आणि त्यातले उत्तम १० मोजायचे. गुण मोजायला लक्ष्याच्या कागदावरची भोकं पुरतात. कोणती बंदूक ‘अस्सल’, हे ठरवायला काय पुरेल?

मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेनाने विचारलेला प्रश्न इथे आठवतो. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? नागसेनाचं उत्तर असं की या सगळ्यांच्या जुळणीला आपण व्यवहारासाठी ‘रथ’ म्हणतो, त्यापलीकडे रथ नावाची वस्तू नाही. एनफिल्डच्या मालकाला हे उत्तर सोयीचं आहे. जुळणी टिकली, नाव टिकलं, बंदूक टिकली. नैयायिक मात्र त्याला इतक्या सहज सोडणार नाहीत. त्यांच्या मते अवयवांहून ‘अवयवी’ वेगळा असतो आणि तो अवयवांत समवायाने राहतो. अवयव बदलला की जुना अवयवी संपतो आणि नवा जन्माला येतो. या हिशेबाने निपल बदलताक्षणीच जुनी बंदूक संपली.

या दोन टोकांच्या मध्ये जगण्याची एक रीत जगन्नाथपुरीने घालून दिली आहे. अधिक आषाढ आला की तिथे नवकलेवर होतं. १९९६ नंतर ते २०१५ मध्ये झालं. कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवतात, जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरतात आणि जुन्यातला ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तीत ठेवतात. म्हणजे सगळं लाकूड नवं, तरी जगन्नाथ तोच. पण तो ब्रह्मपदार्थ कसा आहे, हे कुणी पाहत नाही. तो हलवणाऱ्या सेवकाचे डोळे बांधलेले असतात, हातांवर कापड गुंडाळलेलं असतं. लाखो भाविकांना देव तोच असल्याची खात्री असते, ती त्यांनी लाकूड तपासलं म्हणून नव्हे. ज्यांच्याकडे ते काम परंपरेने आलं आहे, त्यांच्यावर भाविकांचा विश्वास असतो.

विश्वासाची हीच बाजू एनफिल्डच्या इतिहासात उलट्या दिशेने पुढे येते आणि तिथे ती रक्तबंबाळ आहे.

काडतुसाला चरबी का लावत? काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. ती पूर्ण जळून वायू होत नाही. तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो आणि काजळीचा कडक थर होऊन नळीत बसतो. दहा-बारा बारांनंतर गज खाली जाईना. म्हणून एनफिल्डची गोळी नळीपेक्षा थोडी बारीक ठेवली होती. सुमारे ३४ ग्रॅम शिसं, सव्वाचार-साडेचार ग्रॅम दारू. बार उडाला की गोळी फुगायची आणि पेचांना भिडायची. गोळीभोवतीच्या कागदाला लावलेलं चरबी आणि मेणाचं मिश्रण ती काजळी मऊ ठेवायचं. ज्याने ही रायफल एका दुपारी वीस-पंचवीस वेळा झाडली आहे, त्याला वंगणाची गरज हातानेच कळते. कोरडी गोळी मध्येच अडकते आणि गजावर सगळा जोर लावावा लागतो. वंगण असेल तर ती खाली उतरत जाते.

गरज खरी होती. पण चरबी कोणत्या जनावराची, हे शिपायांना कुणी सांगितलं नाही. काडतूस दातांनी फाडायचं, ही कवायत. १८५७ च्या जानेवारीत दमदमला एका कामगाराने ब्राह्मण शिपायाला या चरबीबद्दल टोचून बोलून दाखवलं आणि गाय-डुकराची गोष्ट छावण्या-छावण्यांत पसरली. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची ही हकिकत आली आहे. बराकपूरच्या जनरल हिअर्सीने सुचवलं की वंगण शिपायांनीच बाजारातून आणावं. तशी मुभा मिळाली, पुढे दातांऐवजी हाताने फाडायची कवायतही आली. तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता: हा कागद इतका तुळतुळीत का? मेरठला २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. ती काडतुसं तर जुन्या, नेहमीच्याच पद्धतीची होती. ९ मे रोजी त्या स्वारांना सर्वांसमोर बेड्या घातल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटलं.

या घटनेकडे अंधश्रद्धा म्हणून पाहणारे एक गोष्ट विसरतात. काडतूस कशाचं आहे, हे डोळ्यांनी दिसत नाही. बोटांना चिकटलेली चरबी मेंढीची की गाईची, हे शिपाई प्रत्यक्षाने ठरवू शकत नव्हता, अनुमानानेही नाही. उरतं ते शब्दप्रमाण. न्यायशास्त्र त्याला प्रमाण मानतं, पण एका अटीवर: सांगणारा ‘आप्त’ हवा. म्हणजे त्याला खरं ठाऊक असावं आणि ते खरं सांगण्याची त्याची इच्छा असावी. कंपनी सरकारचा शब्द त्या अटीत बसेनासा झाला होता. म्हणून मेरठच्या निरुपद्रवी काडतुसांतही स्वारांना धर्मनाश दिसला. अधिकाऱ्यांच्या लेखी काडतूस हे निव्वळ साधन होतं: काम करतं ना, मग कशाचं बनलं याला काय महत्त्व? शिपायांच्या लेखी वस्तू कशाची बनली, हे ती काय काम करते याच्यापासून तोडता येत नव्हतं.

आता कार्यशाळेतल्या त्या नव्या नळीकडे परत पाहावं. ‘निशाणा अचूक लागतो ना, मग आतलं पोलाद नवं आहे याला काय महत्त्व?’ असं म्हणणारा कारागीर त्या अधिकाऱ्यांच्याच बाजूला उभा असतो. आणि ‘एक स्क्रूही बदलायचा नाही, काचेआड ठेवा’ म्हणणारा संग्राहक हे विसरतो की चरबी कशासाठी होती, हे त्या काचेतून कधीच कळणार नाही. बंदुकीच्या ‘तीच’पणाचं उत्तर फक्त लोखंडात सापडत नाही आणि फक्त उपयोगातही नाही. काय जुनं, काय नवं, कुणी आणि केव्हा बदललं, हे सांगणारी साखळी अखंड असेल तर बंदूक तीच. ती साखळी तुटली की एकही भाग बदललेला नसला तरी तिच्याबद्दल खात्रीने काही बोलता येत नाही.

बंदुकीच्या जगात असा शब्द देणारी व्यवस्था फार जुनी आहे. लंडनला नळ्यांची चाचणी सतराव्या शतकापासून होते, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ साली सुरू झालं. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार उडवायचा आणि नळी टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा. तो शिक्का म्हणजे लोखंडावर कोरलेलं आप्तवाक्य. नळीत नवी नळी बसवली की जुना शिक्का तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. नव्याने चाचणी घ्यायला हवी आणि नवा शिक्का सहज दिसेल असा हवा. काढलेली कमान, जुनं निपल फेकून न देता बंदुकीसोबत ठेवणं, कामाची नोंद पुढच्या मालकाला देणं हीसुद्धा त्याच धर्माची कर्तव्यं आहेत. इथे धर्म हा शब्द पूर्ण अर्थाने घ्यायला हवा.

माणसं मारण्यासाठी घडलेल्या वस्तूवर एवढी माया करावी का, हा आक्षेप गंभीर आहे. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रं पुसून पूजली जातात. कर्नाटकातल्या कोडगूत कैलपोळद सणाला बंदुका देवघरापाशी मांडतात, त्यांना कळलावीची फुलं वाहतात. तिथे मुलगा जन्मला की एक बार आणि घरात मृत्यू झाला की दोन बार काढायची रीत आहे. मारण्याच्या हत्याराला तिथे वार्ता देण्याचंही काम मिळालं. हेतू असा बदलता येतो. पण बदललेला हेतू आधीचा हेतू पुसून टाकत नाही, आणि पुसू देऊही नये. एनफिल्डच्या पितळी पत्र्यावर पलटणीची खूण असेल तर ती घासून चकचकीत करण्यात जीर्णोद्धार नाही.

याची खरी कसोटी लागते ती हिंदुस्थानी फौजेसाठी बनलेल्या एका बंदुकीपाशी. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती पेचदार एनफिल्ड ठेवायचं टाळलं. १८५८ आणि १८५९ च्या नमुन्यांत तीच बंदूक गुळगुळीत नळीची करून दिली: पेच काढून टाकलेले, दूरचा नेम धरायची वरखाली होणारी माशी काढून साधी, न हलणारी माशी बसवलेली. दिसायला एनफिल्ड, पण अचूक मारा जेमतेम पन्नास-साठ पावलांचा. त्या नळीचा गुळगुळीतपणा हा गंज नव्हे आणि झीजही नव्हे. सरकारच्या अविश्वासाने लोखंडात उमटवलेली ती नोंद आहे.

अशी एखादी बंदूक दुरुस्तीला आली की मोह होणं स्वाभाविक आहे. पेचदार नळी आत बसवली तर शंभर मीटरवर गोळ्या एकाच ठिकाणी लागतील आणि बाजारात किंमतही वाढेल. तिथे कारागिराने नाही म्हणावं. ज्याला शंभर मीटरवर नेमबाजी करायची आहे, त्याच्यासाठी इटलीतल्या कारखान्यांत बनलेल्या प्रतिकृती आहेत. १८५९ च्या बंदुकीचं निपल बदलावं, कमान बदलावी, नळी निर्धोक आहे याची चाचणी घ्यावी. मग माफक दारू आणि कापडात गुंडाळलेली गोल गोळी घेऊन ती पन्नास मीटरवर झाडावी, आणि गोळ्या किती पसरतात ते कागदावर मोजून नोंदीत लिहावं. १८५७ नंतर शिपायाच्या हातून काय काढून घेतलं गेलं, त्याचं माप त्या कागदावर मिळतं.