युद्धनौकांचे टपालशिक्के आणि मागवून घेतलेली पाकिटे

अमेरिकी युद्धनौकांवर टपाल कार्यालये आली ती २७ मे १९०८ च्या कायद्यामुळे. त्याआधी खलाशाचे पत्र बंदरात उतरून किनाऱ्यावरच्या टपालात पडे आणि त्यावर शिक्का उमटे तो त्या गावाचा. नव्या कायद्याने नौसैनिकांपैकीच कोणाला तरी टपाल कारकून नेमता येऊ लागले आणि गोल शिक्क्यात गावाच्या जागी जहाजाचे नाव आले. शेजारच्या आडव्या पट्ट्यांनी तिकीट रद्द होई. कित्येक शिक्क्यांत या पट्ट्यांच्या मधल्या जागेत अक्षरे जुळवून बंदराचे किंवा प्रसंगाचे नावही छापता येई.

हे शिक्के जमवणाऱ्यांचा सुकाळ १९३० च्या दशकात झाला. १९३२ मध्ये युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी स्थापन झाली. डॉ. फ्रान्सिस लोसी यांनी शिक्क्यांचे आकारानुसार केलेले वर्गीकरण संग्राहकांच्या बोलण्यात आजही आहे. त्या काळची रीत सोपी होती. स्वतःचा पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली पाकिटे जहाजाच्या टपाल कारकुनाकडे पाठवायची आणि ठरावीक तारखेचा शिक्का मारून ती परत मागवायची. पाकिटाच्या डाव्या बाजूला प्रसंगाचे चित्र छापलेले असे. निमित्त म्हणून २७ ऑक्टोबरचा नौदल दिन, जहाजाचा कणा घालणे, जलावतरण, सेवेतील पहिला दिवस, काहीही चाले. नुसता कणा घातलेल्या, बांधणी नुकती सुरू झालेल्या जहाजावर टपाल कार्यालय कुठून असणार? अशा पाकिटांवर गोदीजवळच्या गावाचाच शिक्का असतो.

जाणकार संग्राहक या मागवून घेतलेल्या पाकिटांना नाके मुरडतात. आत पत्र नाही, लिहिणारा खलाशी नाही, मग हा पुरावा कशाचा? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. खलाशाचे पत्र घरी पोचले की मजकूर जपला जाई आणि पाकीट फाटून चुलीत जाई. संग्राहकाने मागवलेले पाकीट मात्र टिकावे म्हणूनच जन्मलेले असते. शांततेच्या काळातील कितीतरी जहाजांचे शिक्के आज पाहायला मिळतात ते या हौसेमुळे. त्या रिकाम्या पाकिटाने आरमाराच्या दैनंदिन कारभाराची जी नोंद ठेवली, ती ठेवण्याचा हेतू कोणाचाच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात चित्र पालटले. अमेरिका युद्धात उतरल्यावर शिक्क्यातून जहाजाचे नाव गेले आणि नुसते ‘यू. एस. नेव्ही’ उरले. १९४२ पासून सैनिकांना विनामूल्य टपालाची सवलत मिळाली, त्यामुळे तिकिटाच्या जागी हाताने लिहिलेला ‘फ्री’ हा शब्द दिसतो. शेजारी सेन्सॉरचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही असते. जहाज ओळखायचे ते प्रेषकाच्या पत्त्यावरून. जहाजाचे नाव आणि सॅन फ्रान्सिस्को किंवा न्यूयॉर्कचे फ्लीट पोस्ट ऑफिस एवढेच तिथे असे. जहाज नेमके कुठे आहे ते त्यावरून कळत नसे. (भारतीय नौसैनिकाच्या पत्त्यातही जहाजाच्या नावापुढे ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असेच लिहितात.) जर्मन आरमाराने तर कैसरच्या काळापासूनच शिक्क्यात नावाऐवजी क्रमांक ठेवला होता. एकच क्रमांक वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या जहाजांकडे जाई, म्हणून तारीख कळल्याशिवाय जहाज ठरवता येत नाही.

पाकिटांच्या किमतीचे गणित मात्र त्यांतून मिळणाऱ्या माहितीवर चालत नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरमध्ये ‘अ‍ॅरिझोना’ ही युद्धनौका बुडाली आणि तिच्यासह ११७७ जण मरण पावले. तिची पूर्वीची पाकिटे त्या दिवशी एकानेही कमी झाली नाहीत. मागणी तेवढी वाढली. २ सप्टेंबर १९४५ ची, जपानच्या शरणागतीच्या दिवसाची, ती शरणागती जिच्यावर झाली त्या ‘मिसूरी’वरील पाकिटेही अशीच महाग. पैसा आला तिथे बनावटही आली.

खरेखोटे ठरवताना पाहिले जाते ते असे: त्या प्रकारचा शिक्का त्या वर्षी त्या जहाजावर वापरात होता का, अक्षरांची झीज जुळते का, तिकीट त्या तारखेपर्यंत छापून निघाले होते का. पहिले दोन प्रश्न ताडून पाहण्यासाठी लागतात त्याच जहाजाचे, निर्विवाद तारखांचे भरपूर ठसे. आणि ते सहसा मिळतात त्या मागवून घेतलेल्या, रिकाम्या, स्वस्त पाकिटांवर.