नाव मोडली, नाव राहिले



आज एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. त्याचे उत्तर मी आधी घाईने आणि चुकीचे दिले होते, म्हणूनच तो लिहावासा वाटला.

आमच्या नागपूरला समुद्र नाही. पाण्याची हौस अंबाझरी आणि फुटाळा या तलावांवर भागवायची. मुंबई गाठायची तर नुसता समृद्धी महामार्गच 701 किलोमीटरचा. अशा गावात माझ्या शेजारी एक काका राहतात आणि त्यांच्या घरातली एक अख्खी खोली जहाजांनी भरलेली आहे. लहान लहान, लाकडाची, काचेच्या पेट्यांत ठेवलेली. काका नौदलात होते. विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या इंजिनघरात त्यांनी काही वर्षे काढली. निवृत्तीनंतर एकेक जहाज ते हाताने करत गेले. त्यातले सर्वांत मोठे विक्रांतचे. मूळ जहाज सुमारे 213 मीटर लांब. काकांचे त्याच्या दोनशेव्या हिश्श्याचे, म्हणजे साडेतीन फुटांचे.

कार्तिकी आटोपून मी परतलो, त्याच आठवड्यात काका आले. म्हणाले, “बुवा, तुम्हीच सांगा नं. एक व्यापारी येऊन गेला, सगळ्या जहाजांचे चांगले पैसे देतो म्हणतो. नातवाला अभ्यासाला खोली पाहिजे. मुलगा म्हणतो, विकून टाका. विकू का?”

मी वारकरी माणूस, गळ्यात माळ, तोंडात दृष्टांत तयार. म्हणालो, “काका, शेवटी ही माया. लाकडाचा मोह किती दिवस धरायचा? देऊन टाका, मोकळे व्हा.”

काका काही बोलले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले. त्यांची ती पाठमोरी आकृती मला बरेच दिवस टोचत राहिली.

माऊली, जहाजांच्या प्रतिकृतींचा आणि जुन्या नौकांचा जगात मोठा बाजार आहे. कुणी जहाजगोदीने करवून घेतलेली प्रतिकृती घेतो, कुणी खलाशाने रिकाम्या वेळात कोरलेली. शर्यतीच्या आणि सहलीच्या जुन्या लाकडी नौका तर अशा, की घेण्याचा खर्च एकदाचा आणि सांभाळण्याचा जन्माचा. किंमत ठरते ती कुणी केली, कोणत्या नकाशावरून केली, कागदपत्रे आहेत का, मूळ लाकूड किती उरले, यावर. दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडच्या कैदेत पडलेले फ्रेंच सैनिक जेवणातल्या मांसाची हाडे जपून ठेवत आणि त्यांची जहाजे घडवून चार पैशांना विकत. आज तीच जहाजे लिलावात भारी किमतीला जातात. करणाऱ्याला त्यातून पोटाला चार घास मिळाले असतील. आज घेणाऱ्याला मिळते ते त्याचे दुःख, काचेत बंद केलेले.

आता खऱ्या विक्रांतचे काय झाले ते पाहा. ब्रिटनमध्ये अर्धवट राहिलेले ते जहाज भारताने 1957 साली विकत घेतले. 1961 मध्ये ते नौदलात दाखल झाले. 1971 च्या युद्धात त्यावरच्या विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव आणि कॉक्स बाजार या बंदरांवर हल्ले चढवले. 1997 च्या जानेवारीत ते निवृत्त झाले. मग काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभे राहिले, पण 2012 मध्ये तेही बंद झाले. 2014 साली सुमारे साठ कोटींना ते भंगारात निघाले. जहाज तोडले, पोलाद वितळले. त्या पोलादाचा अंश वापरून बजाज कंपनीने 2016 मध्ये मोटारसायकल काढली आणि विक्रांतचा तुकडा घरी येतो म्हणून लोकांनी ती कौतुकाने घेतली.

मग विक्रांत कुठे आहे? मोटारसायकलच्या टाकीत? काकांच्या काचेच्या पेटीत? की कुठेच नाही?

2 सप्टेंबर 2022 ला कोचीत एक नवे जहाज नौदलात आले. ते आपल्याच देशात बांधलेले. त्याची बांधणी सगळी नवी. त्याला नाव दिले विक्रांत.

आपल्या मराठीने इथे केवढी सोय करून ठेवली आहे पाहा. पाण्यात चालते तीही नाव आणि हाक मारतो तेही नाव. ती नाव मोडली, ते नाव राहिले. भंगारवाला वजन करून घेऊन गेला तेव्हा जहाजाचे सगळे काही तराजूत बसले, एवढे एक बसले नाही.

ते का राहिले? ते जहाज समुद्रावर गेले, भर लढाईत गेले, शेकडो माणसांच्या घामाने चालले, म्हणून. बांधल्या दिवसापासून धक्क्यालाच उभे असते, तर नाव पुढे चालवायची आठवण कुणाला राहिली असती?

मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 मध्ये सागवानाचे एक जहाज बांधले, त्रिंकोमाली. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. कुजलेल्या फळ्या बदलत बदलत त्याची दुरुस्ती झाली. मधली नव्वदेक वर्षे त्याला दुसऱ्याच नावाने ओळखत. 1992 मध्ये मूळ नाव परत मिळाले. फळी बदलली तर जहाज तेच राहते का, असा प्रश्न ग्रीक पंडितांनी फार पूर्वी विचारून ठेवला आहे. आपल्याला त्याचे उत्तर घरातच सापडेल. हातोहात नकला होताना ज्ञानेश्वरीत चुकीचे पाठ शिरले होते. शके 1506 मध्ये नाथमहाराजांनी ते काढून प्रत शुद्ध केली. म्हणून काय ज्ञानेश्वरी माऊलींची राहिली नाही? उलट ती माऊलींचीच राहावी म्हणून तर नाथांनी हात घातला. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, त्या तरल्या, असे आपण श्रद्धेने सांगतो. पण कागद वर आले तेव्हा काठावरच्या माणसांच्या तोंडी ते शब्द आधीच होते, हेही विसरू नये. वस्तू चालती ठेवणारा कुणी असला की ती टिकते.

हे सारे मनात घोळत असताना एक दिवस मी काकांकडे गेलो. आदल्या भेटीबद्दल क्षमा मागायची होती, पण ते बोलले भलतेच. म्हणाले, “बुवा, लाकडी होडीची एक गंमत सांगू? जपायची म्हणून कोरड्यात ठेवली की तिच्या फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पुन्हा पाण्यात सोडली की आधी गळते. पाणी पिऊन फळ्या फुगल्या की मग सांधे बसतात. पाण्यात असते तोवरच ती धड.”

घरी आलो आणि देवघराकडे लक्ष गेले. तिथे आजोबांची ज्ञानेश्वरी लाल कापडात बांधलेली. रोज तिला फूल वाहतो, हळदकुंकू लावतो. शेवटची उघडली कधी? आठवेना. माऊली, मी काकांना मोह सोडा म्हणालो होतो, आणि माझी नाव कोरड्यात पडून सांधे उघडत होते. माझी विसावी वारी, माझी पंचविसावी वारी, हे आकडे आपण सांगतो, ते तरी काचेच्या पेटीतली जहाजे नाहीत काय? चंद्रभागेतली गोपाळपूरला नेणारी साधी होडी पाहा. रंग उडालेला, तळाला पाणी, कुणी तिचा संग्रह करत नाही. पण माणसे बसतात आणि पलीकडे उतरतात.

पुढे 4 डिसेंबरला, नौदल दिनी, काकांनी मला बोलावले. विक्रांतची पेटी उघडली होती. नातू शेजारी बसला होता. काका बोटाने एकेक जागा दाखवत आपल्या सोबत्यांची नावे सांगत होते. कोण कुठे काम करायचा, कोण गाणे म्हणायचा, कोण आता नाही. नातू प्रत्येक नाव पुन्हा म्हणत होता. मला कळले, ती प्रतिकृती कोरडी नव्हती. वर्षातून एकदा का होईना, काका तिला पाण्यात सोडत होते. मी जिला माया म्हणालो, ते स्मरण होते.

मग वस्तू ठेवावी की सोडावी? मला आता वाटते, वैराग्याची परीक्षा ठेवण्या-सोडण्यावर होत नाही. दुसऱ्याच्या घरातली वस्तू सोडायला सांगणे तर सर्वांत सोपे. त्या वस्तूने आपल्याला कुठे नेले का, कुणाशी जोडले का, कुणाचे नाव तोंडात आणून दिले का, हे विचारावे. आणले असेल तर ती जपावी, हाताळावी, पुढच्याच्या हाती द्यावी. नसेल, तर कितीही मोलाची असो, ते ओझेच.

काकांनी तयार सामान आणून केलेली परदेशी शिडाची जहाजे व्यापाऱ्याला दिली. नातवाची खोली झाली. विक्रांत तिथेच त्याच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ आहे, पेटीचे दार आता उघडेच असते. परवा त्याच्या हातून एक बारीक शिडी तुटली. काका रागावले नाहीत, डिंक घेऊन बसले.

मीही लाल कापड सोडले आहे. रोज थोड्याच ओव्या होतात. बरेच दिवस कोरडी राहिलेली नाव, त्यामुळे सुरुवातीला गळते. मन भलतीकडे जाते. काका म्हणतात ते खरे असेल, तर पाण्यात राहू दिली की सांधे बसतील.

तुमच्या घरात काय कोरड्यात पडले आहे, माऊली? आज एवढे पाहा.

रामकृष्ण हरी.